बावन्न खांब

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

डॉक्टर देसाईंनी सांगितलं, रोज किती पाणी पिता ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. सूतवाल्या शेठनं दिवाळीला दिली होती, पुढं गुजराती कॅलेंडर, आत कोरी पानं. आज पाणी : पाच पेले, त्यात एक चहाचा. झालं लिहून. पण एवढ्या मोठ्या पानावर एवढंच लिहून पुढं जायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून आणखी लिहितो.

वही हरवली तर कळावं म्हणून : मी नागनाथ वाघमारे, वय त्रेपन्न, मूळचा नांदेडकडचा, सुरतेजवळच्या उधन्यात पंचवीस वर्षं झाली. पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करतो. शंभर लूम एकदम चालू असले तरी त्यातला कोणता आजारी आहे हे दारात उभं राहून कानानं सांगतो. माझ्या स्वतःच्या दोन किडन्या बंद पडत गेल्या, त्या मात्र मला ऐकू आल्या नाहीत. बीपीनं खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणतात. आता कारखान्याचा शेठ मला अर्धाच दिवस बोलावतो, खुर्चीत बसून ऐकायला.

दीड वर्षापासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या मशीनवर असतो. चार तास रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं. त्यासाठी डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून ठेवली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की गुणगुणते, चालू लूमच्या चौकटीवर हात ठेवल्यासारखी. चंद्रभागा, माझी बायको, रोज सकाळी दोन बोटं ठेवून बघते. "चालू हाय," म्हणते आणि मगच चहा ठेवते.

ही वही गादीखाली ठेवणार. चंद्रभागेला वाचता येत नाही. विशाखा, आमची लेक, बी.कॉम.ला आहे, तिला मैत्रिणींशी गुजरातीत गप्पा मारण्यातून सवड नाही. तेव्हा इथं मनातलं लिहायला हरकत नाही. पहिलं मनातलं : बिनमिठाची भाजी घशाखाली उतरत नाही. चंद्रभागेला सांगणार नाही. तिला वाईट वाटेल.

५ जानेवारी, रविवार

पाणी साडेचार पेले. आज भाजीत भरपूर लसूण आणि भाजलेलं जिरं होतं. मीठ नसलं तरी जिभेला काम मिळालं, दोन भाकरी खाल्ल्या. तिला कसं सुचलं कोण जाणे.

९ जानेवारी, गुरुवार

आता दुसरं मनातलं. डावी पोटरी धरते. घरातून निघून पिठाच्या गिरणीच्या पुढं गेलो की कुणीतरी आतून पिळतंय असं दुखायला लागतं. थांबलो की दोन मिनिटांत जातं. पुन्हा चाललो की पुन्हा येतं. वात असेल.

पण माणूस रस्त्यात असा उगाच थांबला तर लोक विचारतात. म्हणून मी दुकान बघतो. भांड्याच्या दुकानापुढं थांबतो, तवा उचलून वाजवून बघतो. पुढं चपलांच्या दुकानापुढं. मग सायकलवाल्याकडं. आज सायकलवाला म्हणाला, "काका, तीन दिवसांपासून घंटी वाजवून बघताय, सायकल तर घ्या." म्हणलं, घंटी पटली तर सायकल घेईन.

हे कुणाला कळता कामा नये, त्याचं कारण चौदा एप्रिल. जयंतीला वस्तीतून चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत मिरवणूक निघते आणि सगळ्यांत पुढं निळा झेंडा माझ्या हातात असतो. अठरा वर्षं. पहिल्या वर्षी आम्ही एकवीस माणसं होतो आणि बँडच्या जागी एक डफ. आता पंधराशे तरी असतात. माझी पोटरी दुखते असं जयंती मंडळाच्या भगवानला कळलं तर तो झेंडा प्रेमानं काढून घेईल, आणि प्रेमानं काढून घेतलेली वस्तू परत मागता येत नाही.

आज येताना मोजले. घरापासून पुतळ्यापर्यंत विजेचे खांब बावन्न. मी सहाव्याला थांबतो.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळी सुरत गच्चीवर आणि मी मशीनवर. खिडकीतून पतंग दिसत होते. शेजारच्या मशीनवर कोसाडच्या शांताबाई असतात. मूळ धुळ्याकडच्या, भाजी विकतात, डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्या प्रत्येक पतंगावर पैज लावत होत्या आणि हरत होत्या. टेक्निशियन प्रदीप म्हणाला, "शांताबाई, हसू नका, बीपी हलतं." त्या म्हणाल्या, "हलू दे, तेवढंच माझं फिरणं."

जाताना बाकावर बसलो होतो तर त्यांनी कुबडीनं माझ्या पायाला टोचलं. "भाऊ, तू दारापासून इथपर्यंत दोनदा थांबला. मी बी अशीच थांबायची. लोकाईले सांगे, चप्पल चावते." मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत. "मना एक पाय गया. तुना ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

पाणी : चार. उसाचा तुकडा एक, चोखून टाकला. हा पाण्यात धरायचा का ते विचारायचं राहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

शांताबाईंनी चुगली केली. डॉक्टरांनी पायजमा वर करायला लावला, पावलावर बोटं ठेवून बराच वेळ शोधत राहिले, मग एक्सरे काढला. फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "नागनाथभाई, एक्सरेत हाडं दिसतात, रक्ताची नळी दिसायला नको. तुमची दिसते." खरंच, हाडाच्या बाजूनं दोन पांढऱ्या रेघा, आगगाडीच्या रुळांसारख्या. चुना बसलाय म्हणाले. किडनी बंद पडली की रक्तातलं कॅल्शियम-फॉस्फरस बिघडतं आणि नळीच्या भिंतीत साठत जातं. नळी कडक होते, अरुंद होते, पायाला रक्त कमी पोचतं. डायलिसिसवाल्या पुष्कळांना होतं म्हणे. त्यात तंबाखू म्हणजे आगीत रॉकेल. "तमाकू बंद," म्हणाले.

मग पायाचं बीपी घेतलं. हातात एकशे पन्नास. पायात पट्टा फुगवून फुगवून प्रदीपचा हात दुखला, काटा दोनशे चाळीसच्या वर गेला तरी थांबेना. म्हणलं, बघा, हातापेक्षा पाय ताकदीचा आहे. डॉक्टर आणि प्रदीप एकमेकांकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, नळी दबतच नाही म्हणून आकडा मोठा येतो, हा आकडा खोटा आहे. असेल. पण काटा माझ्या डोळ्यांदेखत वर गेला होता. संध्याकाळी भगवानला सांगितलं, माझ्या पायाचं बीपी दोनशे चाळीस. तो म्हणाला, "वा."

२६ जानेवारी, रविवार

विचार करून उपाय काढला. नळीत चुना बसलाय. मी पंचवीस वर्षं तंबाखूला चुना लावून खातोय, लूमच्या कारखान्यात बिडी ओढता येत नाही, कापसाच्या धुळीला आग लागते. दिवसाला पाच चिमट्या धरल्या तरी केवढा चुना झाला. डॉक्टरांना सुरतेतल्या जॉबरचं पोट काय माहीत. तेव्हा आजपासून चुना बंद. तंबाखू कोरडीच. झणझणीत लागते, पण पायासाठी सोसायचं.

दुसरं, ती जेवताना चावायची खडूसारखी गोळी. तीही कॅल्शियमची, पाकिटावर लिहिलंय. म्हणजे एका हातानं चुना काढायचा आणि दुसऱ्या हातानं भरायचा. गोळ्या खिशात ठेवतो, नंतर मोरीत टाकतो. तंबाखूची डबी रेडिओच्या मागं ठेवली आहे, विशाखानं बघायला नको.

२७ जानेवारी, सोमवार

रेडिओच्या मागं डबी नाही. चंद्रभागा म्हणते, झाडताना पडली असेल. मी दुसरी आणली, ती पिठाच्या डब्याखाली ठेवतो.

२८ जानेवारी, मंगळवार

पिठाच्या डब्याखालचीही पडली. घरात एवढं झाडायला काय झालंय कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

रक्ताचा रिपोर्ट आला, फॉस्फरस वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेता का? खोटं बोलायला तोंड उघडलं तर चंद्रभागा मागून म्हणाली, "मोरी पांढरी झालीया, सायेब." मग मी माझा चुन्याचा हिशेब मांडला. मला वाटलं रागावतील. ते खुर्ची ओढून बसले. गोळी पोटातच अन्नातलं फॉस्फरस धरून ठेवते आणि बाहेर नेते, असं समजावलं. "तुमची शंका चुकीची नाही, म्हणून तर मी दर महिन्याला कॅल्शियमपण बघतो. पण शंका मला विचारायची, मोरीला नाही." आणि चुना लावा किंवा लावू नका, नळ्या आवळते ती तंबाखू, म्हणाले. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर पटलं नव्हतं.

मग त्यांनी कपाटातून एक छोटं यंत्र काढलं. पेनासारखी दांडी, त्याला लहानसा रेडिओ. पावलाला जेली लावली, दांडी टेकवली. "नागनाथभाई, तुम्ही लूम ऐकता ना? आता हे ऐका."

उजवं पाऊल : धप्‌ सूंऽ, धप्‌ सूंऽ. थोडं खरखरीत, पण ठेका बरोबर. मग डावं. पहिल्यांदा काहीच नाही. दांडी हलवली, अजून हलवली, तेव्हा लांबून फुंकर घातल्यासारखं ऐकू आलं. ठेका नाही. नुसता वारा.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. धोटा एका बाजूनं सुटतो आणि दुसऱ्या बाजूला पोचत नाही, तेव्हा लूम असाच वाजतो. असा आवाज आला की मी धावत जाऊन पट्टा काढतो, नाहीतर अख्खा ताणा तुटतो. म्हणलं, "साहेब, हा बंद करून उघडावा लागतो." ते म्हणाले, मुंबईला पाठवून ऑपरेशन करता येईल, पण एवढ्या कडक नळीत टाका नीट धरत नाही, ते शेवटी. "आधी चालवून दुरुस्त करू. रोज चाला. दुखेपर्यंत चाला, मग थांबा, थांबलं की पुन्हा चाला. बाजूच्या बारीक नळ्या हळूहळू काम शिकतात. आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. ह्या पायाला जखम झाली तर भरणार नाही."

खिशातली डबी मी शांताबाईंच्या बाकावर ठेवली. त्या म्हणाल्या, "मी काय करू?" म्हणलं, तुम्ही टाका, माझ्या हातानं टाकवत नाही.

पाणी : साडेतीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सहा खांब. तंबाखू नाही. डोकं भणभणतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

सहा खांब, थांबून पुन्हा सहा, थांबून पाच. विशाखावर ओरडलो, ती "सॉरी पप्पा" म्हणाली तेव्हा आठवलं की तिची काही चूक नव्हती. बडीशेप खाऊन खाऊन तोंडाची लग्नपंगत झाली आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ खांब. म्हणजे आता मी भांड्याचं दुकान न थांबता ओलांडतो. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होता, गिऱ्हाईक तुटलं म्हणून.

एक गंमत. मी फिरायला निघालो की चंद्रभागेला नेमकं काहीतरी आणायचं असतं. काल दूध, आज कोथिंबीर. मी थांबतो तेव्हा ती वीस पावलं मागं कुणाशी तरी बोलत उभी असते. या वस्तीत तिच्या एवढ्या ओळखी आहेत हे मला माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चौदा खांब. न थांबता. चौदाव्याला मिठी मारावीशी वाटली, पण त्यावर पाटी होती, धोका.

खांबांचं मी घरात कुणालाच सांगत नाही. डॉक्टरांना नुसती मिनिटं सांगतो. आकडा बावन्न झाला की एकदमच सांगेन. आज मिरवणुकीसाठी बूटही घेतले, पांढरे कॅनव्हासचे, निळ्या पट्टीचे. झेंड्याला शोभतील.

१ मार्च, शनिवार

नवे बूट घालून सराव केला. संध्याकाळी मोजा काढला तर करंगळीला फोड, वर थोडं रक्त. दुखलं मुळीच नाही. म्हणजे विशेष नसणार. सांगत नाही कुणाला. उगाच बोभाटा होईल आणि झेंडा जाईल.

२ मार्च, रविवार

सकाळी मी उठून बसतोय तोच चंद्रभागा समोर. हातात परात, मांडीवर फडकं. "डावा पाय दाखवा." मी उजवा पुढं केला. "डावा म्हणलं."

तिनं करंगळी बघितली. मला रिक्षात घातलं आणि मंगळवारची वाट न बघता रविवारीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर घरून आले. म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर करंगळी काळी पडली असती, आणि करंगळीवर थांबलं असतं असं मी सांगू शकत नाही. औषधं, पट्टी, आणि चालणं बंद.

बायकांना वास येतो की काय, कळत नाही.

४ मार्च, मंगळवार

शांताबाईंनी आज एकही विनोद केला नाही. चार तास माझ्या पट्टीकडं बघत होत्या.

भीती वाटते. लिहून टाकतो, इथं कोण बघतंय. पाय गेला तर लाकडाचा बसवतात, शांताबाई कुबडीवर उभं राहून भाजी विकतात, मी खुर्चीत बसून लूम ऐकेन. जगण्याचं काही अडणार नाही. पण मी उधन्यात आलो तेव्हा माझ्याकडं एक ट्रंक आणि हे दोन पाय होते. चंद्रभागेला घेऊन स्टेशनपासून वस्तीपर्यंत चालत आलो, डोक्यावर ट्रंक, ती माझ्या मागं. अठरा वर्षं झेंडा घेऊन चाललो तेव्हा कधी पायांकडं बघितलंसुद्धा नाही. आता बघतो तर एक पट्टीत आहे. रडू आलं. प्रदीपला वाटलं सुई दुखली.

१३ मार्च, गुरुवार

चंद्रभागा रोज संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन एकेक बोट आरशानं खालून बघते. तांदूळ निवडताना एवढी बारीक बघत नाही. म्हणलं, "सापडला का खडा?" म्हणाली, "हाय की. एक मोठा. त्रेपन्न वर्षांचा."

२५ मार्च, मंगळवार

जखम भरली. डॉक्टरांनी भिंगातून बघितली, मग प्रदीपला दाखवली, मग चंद्रभागेला म्हणाले, "बेन, ही तुमची कमाई." माझं नावही घेतलं नाही. शांताबाईंनी कोसाडहून दुधी आणला होता, तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पायाचं बक्षीस. उकडून, पाणी फेकून खाय."

उद्यापासून चालायचं. जुने रुंद बूट, जाड मोजे. नवे बूट विशाखाच्या कपाटावर गेले.

२७ मार्च, गुरुवार

सात खांब. महिन्याभराची सगळी मेहनत वाहून गेली. वहीशी भांडावंसं वाटतं.

६ एप्रिल, रविवार

मंडळाची बैठक. भगवाननं प्रेमानं सुरुवात केली. "नागनाथदादा, औंदा आपण टेम्पो सजवू. तुम्ही वर खुर्चीत बसा, झेंडा तुमच्याच हातात. लांबूनबी दिसंल." मी म्हणलं, झेंडा चालतो, बसत नाही. बसायचा असेल तर दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. भगवान म्हणाला, "तुमच्यापुढं कोण बोलणार." मी उठून आलो. येताना दहा खांब झाले आणि पोटरी अशी आवळली की सायकलवाल्याची घंटी धरून उभा राहिलो.

दहा. आठ दिवसांत बावन्न होणार नाहीत, मला कळतं. मी काय करणार आहे तेही लिहितो : दुखलं तरी थांबणार नाही. झेंडा थांबला तर मागचे पंधराशे थांबतात. एक दिवस दात आवळून चालेन, मग पायाचं काय व्हायचं ते होवो. डॉक्टरांनी नाही म्हणलं आहे. त्यांना विचारणार नाही.

७ एप्रिल, सोमवार

चंद्रभागा भगवानच्या घरी पातेलं परत द्यायला गेली ती दोन तासांनी आली. एवढा वेळ काय करत होतीस, म्हणलं. म्हणाली, "पातेलं मोठं होतं." विशाखा फिस्सकन हसली आणि पाणी प्यायला गेली.

११ एप्रिल, शुक्रवार

प्रदीप म्हणतो, रविवारी मशीनची चाचणी घ्यायची आहे, एक पेशंट लागेल, तुम्ही या. मंगळवारच्या जागी रविवार, पुढचं बुधवारी. म्हणलं, चाचणीला मीच सापडलो का? म्हणाला, "तुमचा स्वभाव शांत आहे म्हणून." हे मला आजवर कुणी म्हणलं नव्हतं, म्हणून हो म्हणलं.

१३ एप्रिल, रविवार

मशीन उत्तम चाललं. चाचणी कसली, रोजच्यासारखंच. वॉर्डात मी एकटा, प्रदीप सुट्टीच्या कपड्यांत. अंगातलं पाणी निघालं, हलकं वाटतंय. मंगळवारी डायलिसिस म्हणजे सोमवारी अंग नेहमी जड असतं, ते उद्या नसेल. नशीब चांगलं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल झाली जयंती. सगळं लिहितो, कारण मंडळाला मला काही गोष्टी खडसावून सांगायच्या आहेत.

सकाळी पांढरा सदरा, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या खोबणीत झेंड्याची काठी, उजव्या हातानं धरलेली. डाव्या हाताला वजन चालत नाही. जय भीम झाला, बँड सुरू झाला, मी निघालो. हवा होती, झेंडा चांगला फडकत होता. दात आवळायची तयारी करून ठेवली होती.

आता तक्रारी. एक, सजावट. बावन्न खांबांवर मिळून निळी पट्टी फक्त पाच ठिकाणी. दहाव्याला एक, विसाव्याला एक, अशी. एवढी कंजुषी मी अठरा वर्षांत बघितली नाही.

दोन, शिस्त. दहाव्या खांबाशी पोचलो, पोटरी आवळायला लागली, आणि तेवढ्यात भगवाननं शिट्टी मारली. का? तर लेझीमवाल्यांना रिंगण करायचंय. चांगली पाच मिनिटं. विसाव्याला सरबताचं टेबल. मला अर्धा पेला, मोजून. तिसाव्याला ढोलवाल्याची दोरी सुटली. चांगली बांधलेली दिसत होती, तरी तीन माणसं मिळून बांधत होती. चाळिसाव्याला विशाखानं एकदम माइक घेऊन भाषण केलं, मराठीत, आणि चांगलं केलं. मला माहीतही नव्हतं की ती बोलणार आहे. पन्नासाव्याला, पुतळा समोर दिसत असताना, शांताबाई रस्त्यात उभ्या. कोसाडहून आलेल्या, एका कुबडीवर, हातात हार. हार मला घातला आणि म्हणाल्या, "घाई नको करू भाऊ, मना पाय अवघडला." त्यांचा पाय मोकळा होईपर्यंत पंधराशे माणसं उभी.

तीन, चंद्रभागा. माझ्या मागं सबंध रस्ता घडीचं स्टूल काखेत मारून चालत होती. मिरवणूक थांबली की उघडायची आणि म्हणायची, "मला बाई थकायला होतं," आणि बसायची नाही. रिकामं स्टूल लोकांच्या पायात. म्हणून मग मीच बसायचो.

पण पोचलो. बावन्न. झेंडा पुतळ्याशी टेकवला तेव्हा पाय माझ्या खाली होते, दोन्ही. दात आवळायची वेळच आली नाही. मिरवणूक एवढी रेंगाळली म्हणून माझा निभाव लागला, हे खरं. तरी पुढच्या वर्षी शिस्त पाहिजे.

चंद्रभागेनं घरी आल्यावर आधी मोजे काढले, आरसा घेतला. "सगळी हायत," म्हणाली. मग ओट्याकडं तोंड करून बराच वेळ काही धूत होती.

२० एप्रिल, रविवार

आज फिरायला गेलो. पट्ट्या अजून खांबांवर तशाच. दहाव्या खांबाशी पोटरीनं सांगितलं, थांब. वर बघितलं तर डोक्यावर निळी पट्टी. तिथं बराच वेळ उभा राहिलो. दुखायचं थांबलं तरी उभा राहिलो.

भगवान त्याच्या दारात दात घासत होता. म्हणलं, सजावट काढायची नाही का? म्हणाला, "ती आमची नाही दादा. वहिनीला विचारा, त्यांनी बांधलीया." आणि चूळ भरायला आत पळाला.

मग एक खांब पुढं गेलो, हट्टानं. अकरा. घरी आलो. चंद्रभागा पीठ मळत होती. मागं न बघता म्हणाली, "किती खांब झाले?"

खांबांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त या वहीला.

म्हणलं, "अकरा." ती म्हणाली, "मग पट्टी एक खांब पुढं बांधते." आणि पीठ मळत राहिली.

वही काढली. गादीखाली ठेवतो ती रोज थोडी वेगळ्या बाजूला सापडते, हे आज लक्षात आलं. मागची पानं बघितली. जिरं, डबी, करंगळी, रविवारचं मशीन. मी सहा एप्रिलला काय लिहिलं होतं तेही वाचलं. शंभर लूममधून एक बिघडलेला ओळखणारा माणूस मी.

पाणी : चार पेले.

विशाखा, एवढं तुझ्या आईला नीट मोठ्यानं वाचून दाखव. पट्टी अकराव्याला नको, बाराव्याला बांध म्हणावं. पोचतो मी.